चार हंगाम टिकणारा हात

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, क्लबच्या संघात पिचिंग करू लागली, की घरात एक आकडा मुक्कामाला येतो. किती मैल? पन्नास झाले का? समोरच्या संघातली ती उंच मुलगी पंचावन्नने टाकते म्हणे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत सॉफ्टबॉल शाळेच्या वाटेने येतो. मुलगी त्यात पिचर निघाली, की आईवडील मनापासून कामाला लागतात. शनिवार-रविवार मैदानावर जातात, खासगी पिचिंग शिकवणी लागते, आणि एक दिवस रडार गनही विकत घेतली जाते. या लेखात मला सांगायचं आहे ते त्या गनच्या पलीकडचं. वेगामुळे कॉलेजच्या प्रशिक्षकांची नजर मुलीकडे वळते हे खरं. पण एकदा आत गेल्यावर तिची चार वर्षं कशी जातील, हे तिचा खांदा, तिचं डोकं आणि तिने निवडलेलं कॉलेज यांवर ठरतं. या तिन्हींची तयारी बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू करावी लागते, आणि तिथेच बहुतेक घरं घाई करतात.

क्रिकेट बघत वाढलेल्या आईवडिलांनी आधी या कामाचं स्वरूप नीट समजून घ्यावं. कॉलेजमध्ये पिचिंग प्लेटपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर 43 फूट असतं. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची. पिचर लांब पाऊल टाकत पुढे येऊन चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्ष कापायचं अंतर सदतीस फुटांच्या आसपास उरतं. ताशी 70 मैलांचा चेंडू ते अंतर सुमारे 0.36 सेकंदात पार करतो. तेवढ्यात बॅटरने तो ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. पिचरचं वजन सामन्यात एवढं का असतं, ते यावरून लक्षात येईल. सात इनिंगच्या सामन्यात चेंडू प्रत्येक वेळी तिच्याच हातातून सुटतो.

आणखी एक फरक आहे, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकदिवसीय क्रिकेटमध्ये गोलंदाजाला दहा षटकांची मर्यादा असते, टी-ट्वेंटीत चार षटकांची. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. एक पिचर सातही इनिंग टाकू शकते. उद्या पुन्हा टाकू शकते, परवाही. नियम तिला थांबवत नाही. थांबवायचं ते माणसांनी.

2007 मध्ये ॲरिझोना विद्यापीठाची टॅरिन मोवॅट कॉलेज सॉफ्टबॉलच्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या स्पर्धेत, संघाचे आठही सामने खेळली. एका आठवड्यात 60 इनिंग आणि हजाराहून जास्त पिचेस टाकून तिने विजेतेपद आणलं. 2019 मध्ये यूसीएलएच्या रेचल गार्सियाने वॉशिंग्टनविरुद्ध दहा इनिंगमध्ये 179 पिचेस टाकले आणि त्याच सामन्यात शेवटी होम रन मारून तो जिंकलाही. अशा कहाण्या ऐकून अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण तेरा वर्षांच्या मुलीपुढे त्या आदर्श म्हणून ठेवू नयेत. गार्सिया तेव्हा पूर्ण वाढलेली खेळाडू होती, तिच्यामागे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि ताकदीचा व्यायाम करून घेणारे प्रशिक्षक उभे होते. तुमच्या मुलीमागे शनिवारी सकाळी कोण उभं असतं? बहुतेक वेळा फक्त तुम्ही.

त्यापेक्षा जून 2025 मधल्या वर्ल्ड सीरिजच्या अंतिम मालिकेचे ओक्लाहोमा सिटीतले तीन दिवस मुलीबरोबर बसून पाहा. टेक्सस टेकची निजारी कॅनडी ही त्या वेळची देशातली सर्वांत गाजलेली पिचर. स्टॅनफर्डहून ती टेक्सस टेकमध्ये आली ती दहा लाख डॉलरच्या वर गेलेल्या कराराने. एवढी रक्कम त्याआधी कुठल्याही कॉलेज सॉफ्टबॉलपटूला मिळाली नव्हती. टेक्ससविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात ती रीस ॲटवुडला मुद्दाम चार बॉल देऊन पहिल्या बेसवर पाठवत होती. त्यातला एक चेंडू जरा आत आला. ॲटवुडने तोच मारला, दोन धावा झाल्या आणि सामना 2-1 ने गेला. दुसऱ्याच दिवशी कॅनडीने पुन्हा पूर्ण सामना टाकला आणि संघ 4-3 ने जिंकला. आदल्या रात्री देशभर दाखवली गेलेली चूक डोक्यातून काढून चोवीस तासांत परत उभं राहणं ही कला आहे, आणि ती शिकता येते. तिसऱ्या दिवशी मात्र पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा गेल्या आणि तिला बाहेर काढावं लागलं. तोवर त्या वर्ल्ड सीरिजमध्ये टेक्सस टेकचा प्रत्येक चेंडू तिनेच टाकला होता. समोरच्या बॅटर तिचे चेंडू तिसऱ्यांदा बघत होत्या, आणि तिचा हात थकला होता. टेक्ससने तो सामना 10-4 असा जिंकला. पुढच्या हंगामासाठी यूसीएलएची डावखुरी पिचर केटलिन टेरी टेक्सस टेकमध्ये आली. एकाच पिचरवर सगळा भार टाकण्याचे दिवस सरत आले आहेत, आणि मुलींच्या हातांसाठी हे चांगलंच आहे.

खांद्याचा हिशेब

खालून चेंडू टाकण्याने हाताला काही होत नाही, ही समजूत अजूनही मैदानांवर सर्रास ऐकू येते. ती चुकीची आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचर्सच्या चित्रीकरणावरून शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं, तेव्हा खांद्याचा सांधा बाहेर खेचणारा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण 80 टक्के भरला. साठ किलोच्या मुलीच्या खांद्याला प्रत्येक चेंडूमागे जवळजवळ पन्नास किलोचा ओढा. हात वरून खाली वेगाने येताना दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, ब्रेकसारखं काम करतो. त्याचा कंडरा खांद्याच्या पुढच्या भागात जिथे रुजलेला असतो, तिथेच सॉफ्टबॉल पिचरचं दुखणं बहुधा सुरू होतं. खांद्याच्या पुढे दुखतंय असं मुलगी म्हणाली, तर बर्फ लावून दुसऱ्या दिवशी खेळायला पाठवू नका. तो दिवस पिचिंगला पूर्ण सुट्टी. दुखणं आठवड्याभरात गेलं नाही तर खेळाच्या दुखापतींच्या डॉक्टरांकडे जा. नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी इथे पुरत नाही.

अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक डॉक्टरांनी 'स्टॉप स्पोर्ट्स इंजुरीज' या मोहिमेत पिचेसच्या मर्यादा सुचवल्या आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने एका सामन्यात 80 आणि एका दिवसात 115 च्या पुढे जाऊ नये. पंधरा वर्षांवरच्या मुलीसाठी हेच आकडे 100 आणि 140. सलग तिसऱ्या दिवशी ते आणखी खाली येतात, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलींनी तिसऱ्या दिवशी पिचिंगच करू नये. हा सल्ला आहे, नियम नाही, म्हणून तो पाळायची जबाबदारी घरावर येते. एक साधी वही ठेवा. तारीख, सामना की सराव, किती चेंडू, कुठे दुखलं. शाळेचे प्रशिक्षक त्यांच्या सामन्याचे चेंडू मोजतात, क्लबचे प्रशिक्षक त्यांच्या सामन्याचे, आणि शिकवणीतले चेंडू कुणीच मोजत नाही. तिन्ही मिळून बेरीज करणारं माणूस फक्त घरात असतं. प्रशिक्षकांना "आज हिचे ऐंशी झालेत" असं सांगताना संकोच वाटतो, आपण पाहुणे आहोत अशी भावना मराठी आईवडिलांत जरा जास्तच असते. तो संकोच सोडा. चांगला प्रशिक्षक यावर रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्या संघाबद्दल तुम्हाला वेळीच कळलं म्हणायचं.

वर्षातले दोन-तीन महिने पिचिंग पूर्ण बंद असावं. त्या काळात पोहणं, धावणं, बास्केटबॉल, नाच, तिला आवडेल ते. पिचरचा वेग पायांतून आणि कमरेतून येतो. पाय कमजोर असले, की तो वेग हातातून ओरबाडून काढावा लागतो आणि खांदा जातो. म्हणून चौदाव्या वर्षापासून जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली बैठका, डेडलिफ्ट, एका पायावरचे व्यायाम सुरू करायला हरकत नाही. मुलींनी वजनं उचलू नयेत हा विचार या खेळात तरी घराबाहेर ठेवा.

शाकाहारी घरांसाठी वेगळं एक सांगायला हवं. दिवसाला तीन-चार तास खेळणाऱ्या मुलीला वरण-भात-पोळी-भाजीत पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. डाळीचं प्रमाण वाढवा, दही, पनीर, उसळी, शेंगदाणे, खात असेल तर अंडी रोज द्या. लोह आणि बी-12 वर्षातून एकदा तपासून घ्या. मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर खेळात असं होतंच म्हणून सोडून देऊ नका. शरीर कमी अन्नावर जास्त काम करतंय याची ती खूण असते, आणि त्यातून हाडांना चिरा जातात. या विषयावर आईने मुलीशी, आणि वडिलांनीही, स्पष्ट बोलावं.

वेग किती, फिरकी किती

टेनेसीच्या कार्लिन पिकन्सने मे 2025 मध्ये ताशी 79.4 मैलांचा चेंडू टाकला. त्याआधी मोनिका ॲबटचा 2012 मधला 77 मैलांचा विक्रम अनेक वर्षं टिकून होता. हे आकडे ऐकून मुलींचे डोळे चमकतात. मग त्यांना कॅट ऑस्टरमनची गोष्ट सांगा. टेक्सस विद्यापीठाची ही डावखुरी पिचर साठ-पासष्ट मैलांच्या आसपास टाकायची. तिच्या काळातही तिच्याहून वेगवान पिचर होत्या. तिच्या चेंडूची फिरकी आणि तो कुठे पडेल यावरचा ताबा असा होता, की बॅटर हवेत बॅट फिरवून परत जायच्या. 2004 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण, 2008 मध्ये रौप्य, आणि मध्ये निवृत्त होऊन परतल्यावर टोकियोत पुन्हा रौप्य. तिच्या खेळाचा पाया वेगाचा नव्हता, म्हणून तो वयाबरोबर ढासळला नाही.

चौदा वर्षांपर्यंत तीन चेंडू पुरेत: ठरवलेल्या जागी जाणारा सरळ चेंडू, चेंज-अप आणि एकदम खाली जाणारा ड्रॉप. यातला चेंज-अप सगळ्या घरांत दुर्लक्षित राहतो, कारण तो रडार गनवर दिसत नाही. हाताचा वेग तोच ठेवून चेंडू दहा-पंधरा मैलांनी संथ सोडायचा, हे शिकायला दोन वर्षं जातात. आणि कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी मुलीला वाचवतो तो हाच चेंडू. वर चढल्यासारखा वाटणारा राइज बॉल सगळ्यांना हवा असतो. तो खरा फिरायला मनगटात आणि बोटांत जी ताकद लागते, ती पंधरा-सोळाच्या आधी फार थोड्या मुलींत असते. त्याआधी आग्रह धरला, तर मुली पाठ मागे वाकवून चेंडू वर ढकलतात आणि कंबर दुखवून घेतात.

पायांच्या नियमाबद्दलही जरा जागरूक राहा. 2024 च्या हंगामापासून कॉलेजच्या नियमात पिचरचे दोन्ही पाय उडी घेताना हवेत असले तरी चालतं, मात्र मधेच मागचा पाय पुन्हा टेकवून त्यावरून दुसऱ्यांदा जोर घेता येत नाही. शाळेचे आणि क्लबचे नियम वेगळे असू शकतात. ज्या स्पर्धेत खेळायचं तिचं नियमपुस्तक मुलीने स्वतः वाचलेलं असावं.

कॉलेज निवडताना

पूर्वी आठवीतल्या मुलींना तोंडी आश्वासनं दिली जायची. 2018 मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, ते थांबवलं. आता पहिल्या श्रेणीचे, म्हणजे डिव्हिजन वनचे, प्रशिक्षक अकरावीच्या 1 सप्टेंबरपूर्वी मुलीशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. याचा अर्थ तोवर हातावर हात ठेवून बसायचं असा नाही. मुलगी ई-मेल पाठवू शकते, प्रशिक्षक तिला उत्तर देऊ शकत नाहीत इतकंच. ई-मेल तिने स्वतः लिहावी. वडिलांनी लिहिलेली ई-मेल प्रशिक्षक दोन ओळींत ओळखतात. त्यात जन्मवर्ष नको, शाळा संपण्याचं वर्ष हवं. सोबत तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ: पिचरच्या मागून, बाजूने आणि कॅचरच्या मागून घेतलेला, प्रत्येक प्रकारचे चार-पाच चेंडू, त्यात एक-दोन चुकलेलेही राहू द्यावेत. संगीत लावू नका.

पुढचा भाग मला कळकळीने सांगायचा आहे. बहुतेक घरं विद्यापीठाचं नाव बघतात. पिचरने आधी बघावी ती त्या संघातल्या पिचर्सची यादी. किती जणी आहेत, कोण कोणत्या वर्षात आहे, गेल्या हंगामातल्या इनिंग कशा वाटल्या गेल्या. ही सगळी माहिती संघाच्या संकेतस्थळावर उघड असते. एका पिचरने संघाच्या तीन चतुर्थांश इनिंग टाकल्या असतील आणि तिची अजून दोन वर्षं बाकी असतील, तर तुमच्या मुलीला दोन वर्षं बाकावर काढावी लागतील. गोलंदाज नेटमध्ये घडतो तितकाच सामन्यात घडतो. 2021 मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या ओडिसी अलेक्झांडरने त्या संघाच्या पहिल्याच वर्ल्ड सीरिजमध्ये अग्रमानांकित ओक्लाहोमाला हरवलं आणि संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेलं. भरतीच्या वेळी फारसं कुणी नाव घेत नव्हतं अशा ठिकाणी तिला चार वर्षं चेंडू हातात मिळाला, म्हणून हे घडलं असं मी मानते.

भेटीच्या वेळी विचारायचे प्रश्न मुलीने लिहून न्यावेत. सामन्यात कोणता चेंडू टाकायचा हे डगआउटमधून कोण ठरवतं? कॅचरला आणि पिचरला त्यात किती बोलता येतं? आठवड्यात किती दिवस पूर्ण वेगाने सराव असतो? पिचेस कोण मोजतं? गेल्या तीन वर्षांत किती पिचर्सच्या शस्त्रक्रिया झाल्या? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो. विचारा.

पैशाचं गणित 2025 मध्ये पुष्कळ बदललं. आधी पहिल्या श्रेणीच्या संघाला 12 पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत आणि त्याच सगळ्यांत तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात. जून 2025 मध्ये एनसीएएविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना संघातल्या पंचवीसही खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येते, पण संघही पंचवीसच्या वर नेता येत नाही. देता येते म्हणजे देतीलच असं नाही. पिचर्सना वाटा बहुधा मोठा मिळतो, तरी दर वर्षी किती, कोणत्या अटीवर आणि दुखापत झाली तर काय, हे कागदावर घ्या. पूर्वी खेळाडू ज्यावर सही करायच्या ते बांधिलकीपत्र 2024 मध्ये बंद झालं. आता आर्थिक मदतीचा करार हाच मुख्य कागद आहे.

मराठी घरांत अभ्यासाला जे स्थान आहे, ते इथे खरोखर उपयोगी पडतं. तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, आयव्ही लीगमध्येही नसते, पण गरजेनुसार मिळणारी आर्थिक मदत असते, आणि चांगल्या गुणांच्या पिचरला प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाचा पाठिंबा मिळू शकतो. टफ्ट्स विद्यापीठाने 2013 ते 2015 अशी सलग तीन वर्षं तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद जिंकलं. तिथला खेळ कमी प्रतीचा असतो असं समजू नका. मुलीला अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे जायचं असेल, तर दुपारची प्रयोगशाळा आणि दुपारचा सराव यांची टक्कर हमखास होते. तिसऱ्या श्रेणीत ती जास्त समजुतीने सोडवली जाते.

पात्रतेसाठी पहिल्या श्रेणीत शाळेतले 16 मुख्य विषय लागतात, त्यातले 10 शेवटच्या वर्षाआधी पूर्ण हवेत, आणि त्यांची गुणसरासरी किमान 2.3. गुणांची अडचण आपल्या मुलींना सहसा येत नाही. अडचण येते ती ऑनलाइन घेतलेला एखादा विषय मान्य यादीत नसल्याची. नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडून ती यादी तपासून घ्या.

महाराष्ट्रात राहून हे स्वप्न पाहणाऱ्या मुलींसाठी थोडं वेगळं. आंतरराष्ट्रीय महिला सॉफ्टबॉलमध्येही पिचिंगचं अंतर 43 फूटच आणि चेंडू 12 इंचांचाच असतो, त्यामुळे शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत कमावलेलं कौशल्य वाया जात नाही. अमेरिकेबाहेरून आलेल्या पिचर तिथे सर्वोच्च पातळीवर खेळल्या आहेत. साउथ फ्लोरिडाची जॉर्जिना कॉरिक ही ब्रिटनची. पण दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. बारावीनंतर एखाद्या वर्षापेक्षा जास्त थांबून स्पर्धा खेळत राहिलात, तर पात्रतेचे हंगाम कमी होऊ शकतात. आणि विद्यार्थी व्हिसावर असताना शिष्यवृत्ती घेता येते, पण जाहिरातीचे वा प्रायोजकत्वाचे करार हे काम धरलं जाऊन व्हिसा धोक्यात येऊ शकतो. 2021 पासून अमेरिकन खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, ते पाहून वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका. अमेरिकेला जायचं नसेल, तर इथेच राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत खेळा, प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, आणि त्या प्रमाणपत्रांची पडताळणी काटेकोर होते.

मुलींनो, तुमची ती चार वर्षं

आता आईवडिलांना बाजूला ठेवून तुमच्याशी बोलते. पहिल्या वर्षी तुम्हाला मार बसेल. शाळेत ज्या चेंडूवर सगळ्या बाद व्हायच्या, तोच चेंडू इथे कुंपणापलीकडे जाईल. हे प्रत्येकीचं होतं. त्या वर्षात दोन माणसं जोडा: एक कॅचर, एक ट्रेनर. कॅचरबरोबर जेवा, बसमध्ये शेजारी बसा, कोणत्या बॅटरला काय टाकायचं यावर वाद घाला. ट्रेनरला दुखणं लहान असतानाच सांगा. पिचर दुखणं लपवतात, कारण जागा जाईल अशी भीती असते. लपवलेल्या दुखण्याने ती जास्त दिवसांसाठी जाते.

हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेपर्यंत, नशीब असलं तर जूनपर्यंत चालतो. नियमाने आठवड्याला 20 तास खेळाचे, पण प्रवासाचे तास त्यात धरत नाहीत. गुरुवारी निघायचं, रविवारी रात्री परतायचं, सोमवारी सकाळी परीक्षा. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना सामन्यांच्या तारखा देऊन या. फेब्रुवारी ते मे या सत्रात जड विषय कमी घ्या, ते ऑगस्टच्या सत्रात उरका.

वाईट चेंडूनंतर काय करायचं, हे आधीच ठरवलेलं असू द्या. काही जणी पिचिंग सर्कलच्या मागे जाऊन एक दीर्घ श्वास घेतात, काही जणी चेंडू हातात फिरवत शिवणीवर बोटं ठेवतात. काय करता ते महत्त्वाचं नाही, रोज सरावातही तेच करणं महत्त्वाचं आहे. कॅनडी दुसऱ्या दिवशी उभी राहू शकली ती त्या रात्री काही नवीन शिकून नव्हे. झोप लागत नसेल, मैदानावर जायची इच्छाच मरत असेल, तर विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ती सेवा बहुधा तुमच्या शुल्कातच असते. घरी सांगायला जड जातं हे मला ठाऊक आहे. तरी सांगा.

दुखापत झालीच तर घाबरू नका, नियम समजून घ्या. आजवरच्या नियमाने पहिल्या श्रेणीत पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. हंगामाच्या सुरुवातीला मोठी दुखापत झाली, तर तो हंगाम परत मागता येतो. जॉर्डी बॉल ओक्लाहोमाबरोबर दोन विजेतेपदं मिळवून आपल्या राज्यात, नेब्रास्काला परतली आणि 2024 मध्ये पहिल्याच सामन्यात तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. वर्षभराने ती परत आली. रेचल गार्सियाही कॉलेजच्या पहिल्या वर्षी गुडघ्यामुळे खेळलीच नव्हती. हंगामांचे हे नियम बदलण्याच्या चर्चा जोरात सुरू आहेत, म्हणून तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचा नियम तुम्ही स्वतः वाचा.

कॉलेज बदलणं आता फार सोपं झालं आहे. नाव ट्रान्सफर पोर्टलमध्ये टाकलं, की झालं. पण एका वाईट महिन्यानंतर ते करू नका. बदलण्याआधी विचारा की नव्या ठिकाणी किती श्रेयांक मान्य होतील. पिचर्सची पदवी बरेचदा इथेच अडते. नव्या संघातल्या पिचर्सची यादी बघण्याचा आधी सांगितलेला सल्ला इथे दुप्पट लागू आहे.

पुढे काय

जून 2025 मध्ये अमेरिकेत ॲथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीग सुरू झाली, चार संघांची. मेजर लीग बेसबॉलने तिच्यात पैसा घातला आहे आणि आयुक्तपदी किम अँग आहेत. जपानची जेडी लीग परदेशी पिचर्सना नोकरीसारखा नियमित पगार देते. मोनिका ॲबट तिथे अनेक वर्षं टोयोटाच्या संघाकडून खेळली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे, त्याचे सामने ओक्लाहोमा सिटीतच होतील. तरी हे दरवाजे अरुंद आहेत. दर वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या शेकडो पिचर्सपैकी मूठभरच आत जातात. प्रशिक्षणाचं क्षेत्र मात्र मोठं आहे. कॉलेजमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणं, हा अनेक पिचर्सचा रुळलेला मार्ग आहे, आणि लहान मुलींना पिचिंग शिकवणाऱ्यांना अमेरिकेत कामाची वाण नसते.

खेळाबाहेर नोकरी करायची असेल, तर एक अडचण आधीच लक्षात घ्या. बरोबरीचे विद्यार्थी फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती देत असतात, तेव्हा तुम्ही बसमध्ये असता. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज पाठवा, आणि ती जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू करता येईल का ते अर्ज करतानाच विचारून घ्या.